गोड बोलायचा मोसम

एसी बंद झाला की घर मोठं वाटतं. वर्षातले कितीतरी महिने त्याची घरघर कानात मुरलेली असते. ती थांबली की आधी काहीतरी बिघडल्यासारखं होतं. मग शेजारच्या फ्लॅटमधली कुकरची शिट्टी ऐकू येते, खाली गाडी मागे घेणाऱ्याला कुणीतरी 'यल्ला, यल्ला, बस' असं अरबीत घाई करत सांगताना ऐकू येतं, आणि कळतं की थंडी आली. इथे आखातात, अल कुसैसमध्ये, थंडी म्हणजे खिडकी उघडता येणं, एवढंच. पण तेवढ्यासाठीसुद्धा माझी यादी तयार असते. जाळ्या धुणे. रजया उन्हात. वरच्या फळीवरची जाकिटं खाली. देऱ्याच्या बाजारातून तीळ आणि चिक्कीचा गूळ.

यंदा जाकिटांबरोबर एक गुंडाळी खाली आली. हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांची प्लॅस्टिकची चटई, इंटरनॅशनल सिटीजवळच्या चिनी बाजारातून आणलेली. तिच्या घडीत अजून पार्कातली वाळू होती. बाल्कनीत नेऊन मी ती झटकली. वाळू खालच्यांच्या कपड्यांवर गेली असणार.

त्याच संध्याकाळी मृणालताईंचा मेसेज आला. मृणालताई आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या संपादक. 'शुभदा, यंदा संक्रांतीच्या अंकात आपल्या वंजिरूवर एक पान हवं. तिचं पुस्तक आलं ना! आपल्याच व्यासपीठावरून पुढे आलेली लेखिका. दोनशे शब्द पुरेत. गोड लिही.' खाली तिळाच्या लाडवाचं चित्र.

'आपल्या' हा शब्द मी दोनदा वाचला. तीन हिवाळ्यांपूर्वी मंडळातल्या याच बायांनी तिला हाक मारली होती 'वंजारी मॅडम' अशी.

वंजिरू केनियाची. इथे एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर होती. माझ्या दाढेचं रूट कॅनल चाललं होतं, त्यामुळे आमच्या भेटी ठरावीक अंतराने होत होत्या. दर वेळी काउंटरमागे ती छापलेले कागद पुढ्यात घेऊन पेन्सिलीने खुणा करत असायची. मला वाटायचं इन्शुरन्सचे असतील. एकदा अर्धा जबडा बधिर असताना मी विचारलं, तर म्हणाली, "कथा आहे. शेवट चुकलाय." बधिरपणाचा परिणाम की काय कोण जाणे, मी म्हणाले, "दाखव."

कथा मला कळली असं म्हणणार नाही. पण त्यातली एक बाई भाकरीसारखं काहीतरी थापत रडत होती आणि पीठ खारट होऊ नये म्हणून तोंड बाजूला करत होती. ते कळलं. रविवारी तिने मला पार्कात बोलावलं.

तिथे ही चटई होती. स्वाहिलीत चटईला म्केका म्हणतात आणि त्यांच्या मंडळाचं नावही तेच. केनिया, युगांडा, नायजेरिया, घाना, सुदान अशा ठिकाणची माणसं. कुणी शिक्षिका, कुणी वेअरहाउसमध्ये, कुणी विमानतळावर. सगळेच लिहिणारे. दर महिन्याला काळ्या लेखकाची एक कादंबरी किंवा कथासंग्रह घ्यायचा, प्रती आपसांत फिरवायच्या, आणि दर रविवारी चटईवरच्या एकाची न छापलेली कथा ऐकायची. कुणाची कथा कुठे छापून आली की त्याने चटईच्या मधोमध उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या गावाचं नाव तीनदा ओरडायचं. पार्कातली बार्बेक्यू करणारी कुटुंबं वळून बघायची.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "फक्त काळ्या लेखकांचीच पुस्तकं का?"

तुंडे नावाचा नायजेरियन होता, वेअरहाउसमध्ये सुपरवायझर, भुतांच्या विनोदी गोष्टी लिहायचा. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या मंडळात फक्त मराठी का?"

मी थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतायला लागले. त्या दिवसापासून चहा माझ्याकडे आला. मग कोणाकडे कुठली प्रत, पुढचा रविवार कुणाचा, वाऱ्याच्या दिवशी कागद दाबायला दगड, हे सगळंच. तुंडे मला सेक्रेटरी-जनरल म्हणायचा.

एक नियम मला फार आवडला होता. कथा वाचून झाली की 'छान' म्हणायचं नाही. ज्याला जे वाक्य लक्षात राहिलं असेल ते त्याने परत म्हणायचं, जसंच्या तसं. एक शब्द जरी बदलला तरी लेखक हात वर करून म्हणणार, "ते तुझं. माझं नाही." आणि सगळे हसणार. आमच्या मंडळात मी पंधरा वर्षं 'छान'च्या ढिगाऱ्यावर बसले होते. छान झाला हं कार्यक्रम. छान बोललात. छान होता शिरा. इथे पहिल्यांदा पाहिलं की कौतुक करायचं तर आधी नीट ऐकावं लागतं.

आम्ही इंग्रजीतच बोलायचो. इथे मराठीत लिहितेय, शक्यतो एकही शब्द न हलवता.

वंजिरू आमच्या घरी यायची. एकदा लिफ्टमध्ये आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघी होत्या. दोघी मराठी, दोघी सुशिक्षित, एकीच्या हातात देवळातला प्रसाद. "ही काळी कुणाकडे येते गं सारखी?" दुसरीने डोळ्यांनीच मला दाखवलं. प्रसादवाली वळून मला म्हणाली, "घ्या ना, साखर-खोबरं."

घरात आल्यावर वंजिरूने विचारलं, "काली म्हणजे काय? क्लिनिकमध्येही पेशंट म्हणतात. काली को पूछो."

"काळी. म्हणजे ब्लॅक."

"शिवी आहे?"

"शब्द शिवी नाही. त्या म्हणतात तेव्हा असते."

तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या भाषेतला एक शब्द माझ्या मालकीचा झाला. मला नीट शिकव."

आणि तिने शिकून घेतला, 'ळ' सकट. माझी मुलगी ईशा इथेच वाढली, तिला आजतागायत 'ळ' येत नाही. तिचा कावळा 'कावला', तिचं केळं 'केला'. वंजिरूने पार्कात बसून जीभ मागे वळवून वळवून तो काढला. तुंडे म्हणाला, "दातांच्या दवाखान्यात काम करून हिची जीभ निकामी झाली." पण एका रविवारी तिचा 'ळ' आला, स्वच्छ, कोकणातल्या बाईसारखा. ती स्वतःशीच म्हणत बसली. काळी. काळी. काळी.

त्याच हिवाळ्यात तिने 'तेल' ही कथा वाचली. एका गावातली मुलगी नोकरीसाठी आखातात निघालीय. विमानतळावर आई तिच्या चेहऱ्याला तेल चोळते आणि म्हणते, 'काळी जातेस, काळीच परत ये.' इथे आल्यावर खोलीतल्या मुलींच्या नादाने ती देऱ्यातून गोरं होण्याचं क्रीम आणते. चेहऱ्यावर चट्टे उठतात. शेवटी आईचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा ती कॅमेरा बंद ठेवते आणि सांगते, नेटवर्क नाही. आई म्हणते, बरं, आवाज तर तोच आहे.

त्या दिवशी चटईवर पाळीपाळीने सगळ्यांनी विमानतळावरच्या आईचं तेच एक वाक्य परत म्हटलं. कुणीही शब्द बदलला नाही. पार्कातल्या धुराने डोळे चुरचुरतात, त्याचा त्या दिवशी सगळ्यांना उपयोग झाला.

माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. ईशा झाली तेव्हा माझ्याही आधी माझ्या आत्याने बाळ पाहिलं होतं. "रंग सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो." तो 'पण' मी सोळा वर्षं पुसतेय. हळदीचं दूध, डाळीचं पीठ, 'उन्हात नको खेळू' हे सगळं आमच्याही घरात झालं. विमानतळावरच्या त्या आईसारखं वाक्य मात्र कुणी म्हटलं नाही. ईशाने कथा वाचली आणि फोनमधून मान वर न करता म्हणाली, "Aai, this one's not bad. Who's the mother based on?" ती एवढं बोलते म्हणजे खूप झालं.

कथा मराठीत आणायची कल्पना वंजिरूचीच. "त्या लिफ्टमधल्या बायकांच्या भाषेत मला ती ऐकायचीय," ती म्हणाली. "त्यांच्यासारख्याच तोंडातून तो शब्द एकदा आईच्या आवाजात यावा. बाकीचं मला कळणार नाही. तेवढ्या एका शब्दाची मी वाट बघेन."

मी अनुवाद केला. मृणालताईंना दिला. त्यांना खरोखरच आवडला. त्या वाईट बाई नाहीत. करोनात त्यांनी अनोळखी लोकांना डबे पोचवले होते. त्यांनी लगेच योजना आखली. संक्रांतीला सगळ्या काळ्या साड्या नेसतातच, तर कार्यक्रमाचं नाव 'कृष्णरंग'. काळ्या रंगाचा सण, कृष्णवर्णीय लेखिकेचा सन्मान. मला कसंतरीच झालं. पण हॉल होता, माईक होता, तीनशे मराठी माणसांचे कान होते. वंजिरू पोस्टर बघून हसली आणि म्हणाली, "कानांसाठी मी पोस्टर सहन करीन."

कार्यक्रमाच्या आधी मृणालताईंनी मला घरी बोलावलं. ओट्यावर तिळाच्या वड्या थापलेल्या, त्यांच्या हातात सुरी.

"सगळं उत्तम झालंय गं. फक्त ते काळी काळी फार येतं. सणाच्या दिवशी कानाला बरं वाटत नाही. सावळी करूया?"

"आई तिला सावळी म्हणत नाही. काळी म्हणते."

"अगं, आपला विठ्ठलसुद्धा सावळाच. किती गोड शब्द आहे."

"विठ्ठलाला कुणी बघायला आलं नव्हतं, ताई."

त्या हसल्या. मी पुढे बोलत राहिले. जमिनीला आपण काळी आई म्हणतो ना? "ती जमीन गं," त्या म्हणाल्या. करवंदाला काळी मैना म्हणतो. "ते करवंद." परवा तुम्ही घेतली ती साडी कुठल्या रंगाची? "काळीभोर. पण ती साडी, शुभदा." सुरी वड्यांवरून आडवी-उभी फिरत होती. माणसाच्या कातडीशी आलो की आमची भाषा तुपात बुडते. गव्हाळ, निमगोरी, सावळी, कृष्णवर्णीय. काळा म्हणून उरतो तो पैसा, बाजार आणि तोंड.

मी सांगितलं की लेखिका समोर बसणार आहे आणि तिला तो एक शब्द येतो. तो राहणार नसेल तर कथा परत द्या.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस तसं." आणि एक वडी माझ्या हातावर ठेवली.

शाळेचा हॉल भरलेला होता. तीनशे काळ्या साड्या, काळे कुर्ते, आणि त्यावर पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून जपून आणलेले हलव्याचे दागिने. काळ्यावर पांढरा हलवा फार सुंदर दिसतो, ते खरंच आहे. "काय खुललाय काळा रंग तुला!" जी ती दुसरीला म्हणत होती. वंजिरू पिवळ्या ड्रेसमध्ये आली, झेंडूसारखी. आमच्या मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "हिला ड्रेसकोड सांगितला नव्हता का?" दुसरी म्हणाली, "हिला कशाला हवा?" आणि त्या पदराआड हसल्या. वंजिरूने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही. तिने मागितलंही नाही.

सत्कार झाला. शाल, नारळ, हलव्याचा हार. निवेदिका म्हणाली, "वंजारी मॅडम." वंजिरूच्या दुसऱ्या बाजूला बसलेला तुंडे म्हणाला, "नाव दिलं. आता पासपोर्टही देतील." मग वाचन सुरू झालं. वाचणारी बाई पूर्वी रेडिओवर काम केलेली, आवाज अप्रतिम. हॉल शांत झाला. वंजिरू खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसली होती, हाताची बोटं एकमेकांत, दारावरची बेल वाजायची वाट बघावी तशी. विमानतळ आला. आई आली. तेलाची बाटली आली.

'सावळी जातेस, सावळीच परत ये, बाळ.'

वंजिरूने माझं मनगट धरलं. तिला 'ळी' ऐकू आला होता. इतक्या महिन्यांच्या मेहनतीने ओळखता यायला लागलेला तो आवाज तिने बरोबर पकडला होता.

"तो होता?" तिने विचारलं. "माझा शब्द?"

"नाही," मी म्हणाले.

"मग कुठला होता?"

"त्याच्याहून गोड."

तिने मनगट सोडलं. खुर्चीला पाठ टेकून बसली. पुढे तो शब्द आणखी येत राहिला, प्रत्येक वेळी सावळी, आणि प्रत्येक वेळी मला माझ्या शेजारी काहीतरी बंद होताना जाणवत होतं, दुकानांची शटरं एकामागून एक पडावीत तसं. शेवटी टाळ्या झाल्या. खूप झाल्या. बायका डोळे पुसत होत्या. छान, छान, काय छान.

मी मृणालताईंना विंगेत गाठलं. "तुम्ही बरं म्हणाला होतात."

"अगं, मी हात लावला नसता. समितीत तिघी म्हणाल्या, हळदीकुंकवाला बरं दिसत नाही. आणि टाळ्या बघ की किती." मग आवाज खाली आणून, अगदी मनापासून, "आणि तिला काय कळतंय मराठी?"

"तेवढा एकच शब्द कळतो," मी म्हणाले.

पार्किंगमध्ये वंजिरू गाडीला टेकून उभी होती. हवेत धुकं उतरायला लागलं होतं. तिच्या हातात कुणीतरी दिलेला तिळगूळ होता. तिने विचारलं, "हे देताना सगळ्या काहीतरी म्हणत होत्या. काय?"

"हे घ्या आणि गोड बोला."

तिने लाडू तोंडात टाकला. चावत राहिली. मग म्हणाली, "बोलल्या."

पुढच्या रविवारी चटईवर कुणीतरी विचारलं, मराठीतली कथा कशी झाली? वंजिरू म्हणाली, "फार सुंदर वाचली. त्यांचीच होती." कुणी हसलं नाही. मी चहा ओतला. तिने माझ्यावर कधी राग धरला नाही, पण त्यानंतर 'काळी' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. शिकलेला 'ळ' तिने कुठे ठेवला कोण जाणे.

चटई काही मराठी मंडळामुळे मोडली नाही. इथे सगळं व्हिसाच्या तारखेवर चालतं. क्लिनिक विकलं गेलं, नव्या मालकाला नवी माणसं हवी होती, वंजिरू उन्हाळ्याच्या आत परत गेली. तुंडे कॅनडाला. शिक्षिकेची शाळा बदलली. शेवटच्या रविवारी चटई कोणी न्यायची यावर चर्चा झाली आणि ती सेक्रेटरी-जनरलकडे आली. ग्रुप अजून आहे. कुणाचं काही छापून आलं की तिथे गावाचं नाव तीनदा टाइप करतात. गेल्या महिन्यात वंजिरूचं पुस्तक आलं तेव्हा आठ देशांतून लोकांनी तिचं गाव लिहिलं: न्येरी, न्येरी, न्येरी. मीही लिहिलं. पुस्तकातली पहिलीच कथा 'तेल' आहे.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याच दिवशी तिचा जुना फोटो फिरत होता. हलव्याचा हार घातलेला. 'अभिमानाचा क्षण.' लिफ्टमधल्या प्रसादवालीने खाली फुलं टाकली होती. मंडळाने एका लेखिकेला उभं केलं, असं आता ठरलंय. स्मरणिकेत छापून आलं की पक्कं होईल. मला त्याचा राग का यावा, असं घरी विचारलं गेलं. चांगलंच बोलतायत ना? हो. चांगलंच बोलतायत. इथे वाईट कुणी बोलतच नाही, म्हणून तर भांडायला जागा सापडत नाही.

काल संध्याकाळी खिडकी उघडून बसले आणि दोनशे शब्द लिहायला घेतले. जमेना. तिचे डोळे, तिचं हसू, भारत-आफ्रिका मैत्री, असलं काहीतरी आपोआप बोटांत यायला लागलं. मी सगळं पुसलं. चटईवर जे करायचो ते केलं. लक्षात राहिलेलं वाक्य, जसंच्या तसं, आणि खाली कथेचं आणि लेखिकेचं नाव. 'काळी जातेस, काळीच परत ये.'

ईशा मागून वाकून वाचत होती. "काली जातेस..."

"काली नाही. काळी."

"Same thing, Aai."

"नाही. जीभ मागे घे."

तिने दोन-तीनदा घेतली, कंटाळली, आणि फ्रिज उघडायला गेली.

मी ते पान पाठवलं. सोबत लिहिलं, असंच छापा. मृणालताईंचं उत्तर लगेच आलं. त्या तत्पर आहेत, तेवढ्यापुरत्या आम्ही एकाच जातकुळीच्या. 'अगं, काय सुरेख! अंगावर काटा आला. मोठ्या टायपात मधोमध घेते. फक्त एक शब्द तेवढा बदलू ना?' खाली लाडू.

मी लिहिलं, 'बदला. मग ते तुमचं. खाली तिचं नाव घालू नका.'

स्वयंपाकघरातून ईशाचा आवाज येत होता. फ्रिजचं दार उघडं टाकून ती स्वतःशीच म्हणत होती, काली. काली. काल्ली.